बिननावाची सायकल

"कौन कंपनी की है?"

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतोच. आमच्या ग्वाल्हेरला तिघरा धरणाच्या अलीकडे चहाची टपरी आहे तिथले काका विचारतात, फूलबागेच्या सिग्नलला स्कूटीवरचं पोरगं विचारतं, रविवारी बाड्याच्या चौकात कचोरीसाठी थांबले की कढईमागचा भैया झारा हलवता हलवता मानेनेच सायकलकडे खुणावून विचारतो. आणि माझ्याकडे उत्तर नाही. खरंच नाही. नऊ वर्षं झाली मी ही सायकल चालवतेय आणि ती कोणी बनवली ते मला माहीत नाही.

झालं असं की आमचे धाकटे भाऊजी बारा-तेरा वर्षं मॅसॅच्युसेट्सला होते, परत येताना सामानात एक लांबोडका खोका आणला आणि म्हणाले, "वहिनी, ही मला लहान पडते, सेकंडहँड स्वस्तात मिळाली म्हणून घेऊन ठेवली होती, तुमच्या मापाची वाटते, बघा." खोक्यातून निघाली नुसती फ्रेम. राखाडी, मॅट, एकही स्टिकर नाही, एक अक्षर नाही, आधीच्या मालकाने सगळं खरवडून काढलेलं. सासूबाई चष्मा लावून जवळून बघून म्हणाल्या, "अरे, रंग द्यायचा राहिला की काय याला?"

तर राहिला नव्हता. टायटॅनियमला रंग लागतच नाही, गंजत नाही ना ते. मग मी एकेक पार्ट जमवत गेले, थोडे दिल्लीहून, थोडे भाऊजींच्या जुन्या सायकलचे, आणि सहा महिन्यांनी ती उभी राहिली. शाळेत गणित शिकवणारी बाई पहाटे साडेपाचला हेल्मेट घालून आमच्या लश्कर भागातून बाहेर पडते याची सवय व्हायला गल्लीला अजून सहा महिने लागले, तो वेगळा विषय.

पण नावाचा किडा डोक्यात राहिलाच. भाऊजींनी तिकडच्या तीन मित्रांना फोटो पाठवले, तिघांनी तीन नावं सांगितली. एक म्हणाला नक्की मर्लिन. म्हणून मी वाचायला घेतलं आणि त्यात जी अडकले ती अडकलेच, कारण ही सगळी नावं म्हणजे मेलेली, विकलेली आणि परत जिवंत केलेली नावं निघाली. हल्ली परत एकदा या जुन्या नावांना जाग आलीये, अमुक ब्रँड परत येतोय, तमुक परत येतोय, म्हणून म्हटलं लिहून टाकावं एकदा.

थोडं धातूबद्दल सांगते मग पुढे जाऊ. टायटॅनियम काही दुर्मिळ नाही हो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी वाळू असते ना, त्यात इल्मेनाइट असतं, ते याचंच खनिज. केरळात चवऱ्याला तर ढिगाने. जगातलं बहुतेक टायटॅनियम धातू होतच नाही, त्याची पांढरी पूड होऊन भिंतीच्या रंगात जाते, म्हणजे आपल्या हॉलच्या भिंतीवर ते आहेच, फक्त त्यावर बसून तिघऱ्याला जाता येत नाही. पुडीचा धातू करणं हे खर्चिक आणि कटकटीचं काम. वजनाला स्टीलच्या निम्म्याहून थोडं जास्त, घन सेंटिमीटरला साडेचार ग्रॅम धरा, स्टीलचं पावणेआठच्या वर जातं. पण ताठपणाही स्टीलच्या साधारण निम्माच, म्हणून स्टीलच्या मापाच्या बारीक नळ्या वापरल्या तर सायकल लेचीपेची होते, नळी जाड लागते. सत्तरच्या दशकात अमेरिकेत टेलेडाइन टायटन नावाची टायटॅनियमची सायकल निघाली होती, शुद्ध टायटॅनियमची, ती फार लवते म्हणून प्रसिद्ध झाली. मग ३ टक्के ॲल्युमिनियम आणि अडीच टक्के व्हॅनेडियम घातलेला मिश्रधातू सायकलवाल्यांच्या हाती लागला, जो मुळात विमानातल्या हायड्रॉलिक लाइनींसाठी बनत होता. तिथून खरी गोष्ट सुरू होते.

बॉस्टनला लागून सॉमरव्हिल म्हणून गाव आहे. १९८२ मध्ये तिथे क्रिस चान्स नावाच्या माणसाने फॅट सिटी सायकल्स काढली, स्टीलच्या माउंटन बाइक, फॅट चान्स नावाने. तिथे काम करणारा गॅरी हेलफ्रिच बाहेर पडला आणि १९८६ मध्ये माइक ऑग्सपर्गर आणि ग्विन जोन्सबरोबर मर्लिन मेटलवर्क्स सुरू केली. टायटॅनियम, फक्त टायटॅनियम. त्याच साली तिकडे टेनेसीत चॅटनूगाला लिन्स्की कुटुंबाने आपल्या मशीन शॉपमधून लाइटस्पीड सुरू केली. दोन्हीकडे नळ्या त्याच, वेल्डिंगचा गॅस तोच, पण लोक फ्रेम बघून ओळखायचे म्हणे कुठली कुठे झाली.

यात अवघड काय, तर वेल्डिंग. टायटॅनियम तापलं की हावरं होतं. चारशे-पाचशे अंशांच्या वर गेलं की हवेतला ऑक्सिजन, नायट्रोजन, जे मिळेल ते गिळतं आणि मग जोड काचेसारखा ठिसूळ होतो, बाहेरून दिसायला ठीकच, आणि एक दिवस तुमच्याखाली तुटतो. म्हणून हवा लांब ठेवायला वरून आर्गॉन वायू, नळीच्या आतूनही आर्गॉन, नळी ॲसिटोनने पुसलेली, हाताला ग्लोव्ह्ज कारण बोटाचं तेलसुद्धा चालत नाही, आणि पंखा बंद. पंखा बंद करून मे महिन्यात ग्वाल्हेरला हे काम कोणी करून दाखवावं. जोड चांदीसारखा किंवा फिकट गवती राहिला तर पास, निळा-जांभळा झाला तर शंका, पांढुरका-राखाडी झाला तर कापून फेका. म्हणजे धातू स्वतःच तुमचा पेपर तपासून मार्क लिहून देतो. मला मास्तरीण म्हणून हे फार आवडलं.

आता नावांचं काय झालं ते बघा. मर्लिन विकली गेली, २००० मध्ये ती लाइटस्पीडच्याच मालकांकडे गेली आणि काम मॅसॅच्युसेट्समधून टेनेसीला हललं. तोपर्यंत मर्लिनमधलाच रॉब वॅन्डरमार्क १९९७ मध्ये बाहेर पडून सेव्हन सायकल्स काढून बसला होता, वॉटरटाउनला. ऑग्सपर्गर स्वतंत्र काम करत राहिला. हेलफ्रिच नंतर ओरेगॉनमधल्या सायकल-कारागिरीच्या शाळेत लोकांना टायटॅनियमच्या फ्रेमा बांधायला शिकवायचा. म्हणजे नाव टेनेसीत आणि हात सगळीकडे. मग २०११ मध्ये सायकली ऑनलाइन विकणाऱ्या एका कंपनीने ते नाव विकत घेतलं आणि मर्लिन परत आली, परत आली, असा गाजावाजा झाला.

तिकडे लाइटस्पीडवाल्या लिन्स्की कुटुंबाने १९९९ मध्येच कंपनी विकली होती. २००६ मध्ये तेच लोक त्याच गावात परत उभे राहिले, पण लाइटस्पीड हे नाव आता दुसऱ्याचं, म्हणून आडनावच लावलं, लिन्स्की.

आणि न्यूयॉर्क राज्यात साराटोगा स्प्रिंग्सला बेन सेरोटा, १९७२ पासून फ्रेमा बांधणारा, आधी स्टील मग टायटॅनियम. माणसाला सायकलवर मापात बसवायचं शास्त्र ज्या लोकांनी घडवलं त्यातला एक. २०१३ मध्ये कंपनी बंद पडली, स्वतःचंच आडनाव असलेल्या कंपनीतून तो बाहेर, आणि मग काही वर्षांनी नाव आणि माणूस परत एकत्र आले. क्रिस चान्सही आला परत, २०१५ च्या सुमाराला, लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून.

म्हणजे बघा, मर्लिनचं नाव आलं आणि माणसं नाही आली, लिन्स्कींची माणसं आली आणि नाव नाही आलं, सेरोटाचं दोन्ही आलं. आणि तिन्हीला बातमीत शब्द एकच, पुनरागमन. मला हे खटकतं. असा ब्रँड परत येताना पहिल्यांदा काय येतं तर टी-शर्ट. मग टोपी. मग "वारसा" हा शब्द असलेलं एक पत्रक. फ्रेम शेवटी, आणि नुसती फ्रेमच आपल्या पैशात तीन-चार लाखांच्या घरात, वर कस्टम्स. वेल्डिंगची टॉर्च कोणाच्या हातात आहे ते मात्र शोधून शोधून वाचावं लागतं. माझं काही म्हणणं नाही की नाव विकत घेणाऱ्याने वाईट काम केलं, चांगलंही केलं असेल, पण मला आधी ते सांगा ना, मिस्त्री कोण?

हे मी ग्वाल्हेरात बसून बोलतेय म्हणजे जरा जास्तच जीव तोडून बोलणार. आमच्याकडे तर हा प्रकार दीडशे वर्षं चालू आहे. माझी आत्या गाणं शिकली इथल्या शंकर गांधर्व महाविद्यालयात, तिच्याकडून लहानपणी ऐकलेलं की मिरज-इचलकरंजीकडचे बाळकृष्णबुवा इथे येऊन वासुदेवबुवा जोशींकडे राहिले, शिकले आणि हद्दू-हस्सू खाँची गायकी घेऊन दक्षिणेत गेले, मग त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर थेट लाहोरला, १९०१ मध्ये तिथे विद्यालय काढलं. गाव इथेच राहिलं, गाणं हिंडलं. आणि तिकडे गाणाऱ्याला कोणी विचारलं तर तो ग्वाल्हेर घराण्याचाच, मग त्याने किल्ला डोळ्याने बघितलेला नसेना का. पण उद्या कोणी "ग्वाल्हेर घराणा" हे नाव रजिस्टर करून बंगलोरला ॲकॅडमी काढली तर? आत्या काय बोलली असती ते इथे लिहिता येत नाही. सॉमरव्हिलच्या त्या वर्कशॉपचं आमच्या गाण्यासारखंच झालेलं दिसतं. फॅट सिटी तिथून हलली तेव्हा मागे राहिलेल्या लोकांनी १९९५ मध्ये इंडिपेंडंट फॅब्रिकेशन काढली, मग तिथून निघालेल्या लोकांनी बॉस्टनला फायरफ्लाय. हे घराणंच आहे, दुसरं काय. गंडा बांधत नाहीत इतकंच.

असो. खरी गोष्ट सांगायची राहिली, ज्याच्यासाठी लिहायला बसले.

मागच्या उन्हाळ्यात सीट खाली करायला गेले तर सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची फ्रेममध्ये घुसणारी नळी, हलेना. चूक माझी. पोस्ट ॲल्युमिनियमची, फ्रेम टायटॅनियमची, मध्ये ग्रीस लावायचं असतं ते मी तीन वर्षं लावलं नव्हतं. घामाचं मीठ आत झिरपतं, दोन धातू एकमेकांना लागून बसतात आणि ॲल्युमिनियम सडून फुगतं, टायटॅनियमला काही होत नाही, ते आरामात बसलेलं असतं. मी पिळलं, नवऱ्याने पिळलं, गल्लीतल्या पंक्चरवाल्याने पिळलं. एका दुकानात सांगितलं की दीदी, गैस से लाल कर देते हैं, निकल जाएगा. मी सायकल उचलली आणि पळाले. वर वाचलंत ना, तापवलं की काय होतं.

शेवटी शाळेतल्या एका सहकाऱ्याने मालनपूरचा पत्ता दिला. भिंड रोडवर, इथून वीसेक किलोमीटर. एका शेडमध्ये एक वयस्कर मिस्त्रीजी बसतात, जन्मभर डेअरीच्या स्टीलच्या पाइपलाइनी आर्गॉनने जोडल्यात त्यांनी, दुधाच्या लाइनीत जोड आतूनही गुळगुळीत लागतो नाहीतर दूध अडकून नासतं. मी गाडीच्या टपावर सायकल बांधून नेली. त्यांनी आधी पोस्टकडे बघितलंच नाही. फ्रेम उलटी केली, खिशातून चष्मा काढला आणि जोडांवरून नख फिरवत बसले, पाच मिनिटं तरी. मग म्हणाले, "मैडम, ये दो आदमी का काम है."

म्हटलं कसं काय?

पुढच्या त्रिकोणाचे जोड दाखवले, बारीक वेणी घातल्यासारखे, पेड सगळे एका मापाचे. मग मागच्या चाकाकडचे. मला सारखेच दिसत होते. ते म्हणाले इथे पेड जरा लांब पडलाय, हा माणूस घाईचा होता, किंवा नवीन होता, पण गॅस कुठे कमी पडू दिला नाही, बघा रंग कुठे फिरलेला नाही. आणि हा पुढचा, "ये उस्ताद है." नऊ वर्षं मी ज्याचं नाव शोधत होते त्याची ही पहिली खरी माहिती मला मिळाली, तीही मालनपूरला, ज्यांनी जन्मात टायटॅनियमची सायकल बघितली नव्हती त्यांच्याकडून. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, ते उगीच बोलत असतील. असतील. पण मी तिथे होते, तो नव्हता.

पोस्ट काढायची युक्तीसुद्धा डेअरीचीच. दुधाच्या लाइनी कॉस्टिक सोड्याने धुतात. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं, टायटॅनियमला थंडपणी काही करत नाही. त्यांनी पेडलकडचा सगळा सरंजाम उतरवला, नळीचं खालचं तोंड रबरी बुचाने बंद केलं, वरून पोस्ट कापून टाकली आणि पातळ सोडा घालून फ्रेम शेडच्या बाहेर उघड्यावर उभी केली, कारण यातून हायड्रोजन निघतो, जवळ विडीसुद्धा चालत नाही. त्यांच्या हाताखालच्या पोराला दोनदा ओरडून सांगितलं. घरी कोणी करू नका हां हे, सोडा डोळ्यात गेला तर डोळा जातो, आणि सायकलपेक्षा डोळा महाग. दोन दिवस सोडा बदलत राहिले, काळा चिखल निघत राहिला. तिसऱ्या दिवशी उरलेली पोस्ट चुरगळलेल्या पत्र्यासारखी हाताने ओढून निघाली. आत नळी? लखलखीत.

पैसे विचारले तर म्हणाले, सोडे के दे दो. बाकीचं घेईनात. ऐसा जोड देखने को मिला, म्हणे. मग मी दुसऱ्या दिवशी बहादुराचे लाडू नेऊन दिले, ते घेतले.

त्या तीन दिवसांत मी तीनदा भिंड रोडने गेले-आले. मालनपूरलाच ॲटलसचा कारखाना होता. माझी पहिली सायकल ॲटलस, लाल, बाबांनी आठवीत घेऊन दिलेली, आणि मला तेव्हा वाटायचं की आपल्याच गावाजवळ झालेली असणार ही, खरं तर झाली असेल सोनीपतला कोणास ठाऊक. १९५१ मध्ये सोनीपतला सुरू झालेली कंपनी. मालनपूरचा कारखाना २०१४ मध्ये बंद झाला, सोनीपतचा २०१८ मध्ये, आणि शेवटचा साहिबाबादचा २०२० मध्ये ३ जूनला, ती तारीख म्हणजे नेमका जागतिक सायकल दिवस. ॲटलसला कोणी "हँडमेड" म्हटलं नाही कधी, तिच्या जोडांवरून कोणी नख फिरवलं नसेल, लाखांनी निघायच्या त्या. पण तिथेही कोणीतरी टॉर्च धरलेलीच असणार ना. मिस्त्रीजींना विचारलं, तिथले कोणी ओळखीचे? म्हणाले, खूप. कोणी ग्रिलं बनवतो, कोणी ई-रिक्षाच्या चासी जोडतो, एक जण मुरैन्याला पलंग बनवतो आणि फार छान बनवतो. बॉस्टनवाल्यांच्या मागे कोण कुठे गेला त्याच्या वंशावळी लिहून ठेवणारे लोक आहेत. आमच्या पलंगवाल्याची कोण लिहिणार.

आता नवीन पोस्ट बसवली, ग्रीस थापून, आणि मोबाइलमध्ये दर तीन महिन्यांचा अलार्म लावला. परवा रविवारी उरवाई गेटकडून किल्ल्यावर चढले. दगडातल्या त्या मोठ्या मूर्तींपाशी चढ असा काही उभा होतो की पुढचं चाक उचलायला लागतं, तिथे मी नेहमी उतरायचे, यावेळी नाही उतरले. खोटं कशाला बोलू, एकदा थांबून पाणी प्यायले, पण पाय पेडलवरच होता एक.

खाली आल्यावर बाड्यावर कचोरी. भैयाने परत मानेनेच विचारलं, कौन कंपनी? मी सगळं सांगायला तोंड उघडलं, मर्लिन, मॅसॅच्युसेट्स, भाऊजी, मग वाटलं राहू दे, मागे लाइन आहे. म्हटलं, "मालनपुर से ठीक करवा के लाई हूँ."

"अच्छा अच्छा," तो म्हणाला आणि द्रोणात कचोरी फोडून वर भाजी ओतली, "एटलस है."